घागरीच्या पोटातली माणसं

फोटोत नवरी दिसत नाही. दिसतात ते तिचे हळदीने पिवळे झालेले दोन हात आणि त्या हातांनी कवेत धरलेली स्टीलची घागर. नवी कोरी, आंदणातली. फोटोग्राफरने कॅमेरा इतका जवळ नेलाय की सगळी चौकट घागरीच्या पोटानेच भरून गेलीय. आणि त्या पोटात अख्खं लग्नघर मावलंय. वर आभाळाची निळसर पट्टी, कडेला धनुष्यासारखा वाकलेला मांडवाचा बांबू, खाली सारवलेलं अंगण आणि मधल्या भागात ओळीने उभी राहिलेली अकरा माणसं. मधली तीन-चार चेहऱ्यानिशी ओळखू येतात. कडेकडेची माणसं मात्र बारीक होत होत केळीच्या पानासारखी वाकली आहेत.

घरच्यांना फोटो आवडला. तक्रार एकच, त्यात दोन भाऊ नाहीत. होळीला गावी येऊन ते परत गुजरातेत उसाच्या फडावर गेले होते आणि लग्नाच्या दिवशी त्यांना निघता आलं नाही. स्टुडिओत आलेल्या आईने फोटोवर बोट ठेवून सांगितलं, “भाऊ, दोन्ही पोरांना यात बसवून दे.”

स्टुडिओवाल्याने फोटो उजेडाकडे धरला. साध्या फोटोत माणूस बसवणं हे त्याच्या रोजच्या कामातलं. पण घागरीत?

प्रतिबिंब हा विषय धरून निघालेली वाट नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरच्या बाजारपेठेत, या छोट्या दुकानात येऊन थांबली.

‘माणूस बसवायचा’ धंदा

खापर अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. अक्कलकुव्याहून गुजरातेतल्या सागबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. राज्याची हद्द इतकी जवळ की रस्त्यावर दोन्हीकडच्या नंबरप्लेटा सारख्याच दिसतात आणि दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. डोंगरातून उतरलेल्या माणसाशी भिली, शेजारच्या दुकानदाराशी गुजराती किंवा अहिराणी, सरकारी नोकराशी मराठी.

अशा गावातल्या फोटो स्टुडिओचं पोट लग्नांच्या अल्बमवर भरतं ते चार महिने. बाकी वर्षभर पासपोर्ट साइझ, शाळेचे दाखले, जातीच्या दाखल्याचे अर्ज, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. पण या सगळ्याच्या मधून एक काम बारा महिने चालतं: फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत आणणं. धंद्यातले लोक त्याला ‘मिक्सिंग’ म्हणतात, माणूस वेगळा कापायचा ते ‘कटिंग’. गिऱ्हाईक यातलं काहीच म्हणत नाही. ते सरळ म्हणतं, “याला इथं बसव.”

ज्यांना बसवायचं असतं त्यांत वारलेले असतात. मतदार ओळखपत्रावरचा आजोबांचा करडा चेहरा मोठा करून, अंगावर कुणाचा तरी कोट चढवून, आजीच्या शेजारच्या खुर्चीत. आणि दूर गेलेलेही असतात. अक्कलकुवा-धडगाव भागातली कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत उतरतात. होळी हा त्यांच्या परतीचा मोठा टप्पा. काठी गावच्या राजवाडी होळीला डोंगर माणसांनी भरून जातो तो त्यामुळेही. होळीनंतरच्या लग्नांना मात्र कुणी ना कुणी कमी पडतंच, आणि ती उणीव भरून काढायला स्टुडिओ लागतो.

हा उद्योग संगणकाने आणलेला नाही. डार्करूममध्ये दोन निगेटिव्ह एका कागदावर उतरवून, फोटो कापून-चिकटवून, वरून ब्रश फिरवून पुन्हा त्याचा फोटो काढून ही कामं होतच असत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवत होते. पुढे पडद्यावर देव प्रकट करण्याची आणि गुप्त करण्याची त्यांची किमया याच घराण्यातली. 1990 साली फोटोशॉप बाजारात आलं आणि 1994 च्या आवृत्तीत त्याला ‘लेयर’ मिळाले, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे, हवे तेव्हा सरकवता येणारे पारदर्शक कागद. तेव्हापासून कात्रीची चूक दुरुस्त करता येऊ लागली.

साध्या फोटोत माणूस बसवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात: उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय आणि पाय जमिनीला टेकलेत का. त्या सांभाळल्या की बघणारा फारसं खोदून बघत नाही. घागरीत बसवायचं तर चौथा प्रश्न उभा राहतो. घागरीला तो माणूस कसा दिसला असता?

घागर काय बघते

सपाट आरसा समोरच्याला जसंच्या तसं परत करतो, फक्त डावं-उजवं बदलून. घागरीचं पोट बाहेर फुगलेलं असतं. त्यावर पडलेला उजेड चहूकडे पसरत परततो, म्हणून ती एकाच वेळी समोरचं अंगण, वरचं आभाळ, बाजूच्या भिंती आणि जवळजवळ पाठीमागचंही दाखवते. एवढं सगळं वीतभर पोटात मावायचं तर प्रत्येक गोष्ट लहान व्हायलाच हवी, आणि काठाकडे जाताना चेपतही जायला हवी. मोटारसायकलच्या फुगीर आरशात मागचा ट्रक असतो त्याहून लांब वाटतो, त्यामागचं कारणही हेच.

या पोटाच्या मधोमध कायम एकच माणूस असतो: कॅमेरा धरलेला. घागर कशीही फिरवा, जो बिंदू थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो तिथे कॅमेराच दिसणार. खापरच्या त्या फोटोतही अकरा माणसांच्या ओळीपुढे, कोपर बाहेर काढून, डोकं कॅमेऱ्यात घातलेली एक काळी आकृती आहे. घरच्यांनी अकरा मोजले तेव्हा तिला धरलं नव्हतं.

चित्रकारांना ही जादू फार आधी उमगली होती. यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकाराने 1434 साली काढलेलं अर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. खोलीत एक पुरुष, एक स्त्री. त्यांच्या मागच्या भिंतीवर छोटा फुगीर आरसा. त्या आरशात दांपत्य पाठमोरं दिसतं आणि त्यांच्या पलीकडे, दारात, आणखी दोन माणसं उभी असतात. ती चित्रात कुठेच नाहीत, फक्त आरशात आहेत. आरशाच्या वर चित्रकाराने आपण इथे होतो अशा अर्थाची सही ठोकली आहे, त्यामुळे त्या दोघांतला एक तोच असावा असं अनेक अभ्यासक मानतात. वाकड्या प्रतिबिंबात जास्तीची माणसं बसवण्याचा हा नमुना जवळजवळ 600 वर्षांचा आहे.

त्यातला दांपत्य पाठमोरं असल्याचा बारकावा स्टुडिओवाल्यांना रोज नडतो. माणूस आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही एकाच फोटोत हवं असेल, तर माणसामागे ठेवलेल्या भांड्याला त्याची पाठ दिसणार. आणि पाठीचा फोटो कुणाच्याच घरी नसतो. आधारवर, लग्नाच्या अल्बममध्ये, मोबाइलमध्ये सगळे चेहरेच. खापरच्या या फोटोत नशीब एवढंच की सगळं कुटुंब कॅमेऱ्याच्या बाजूला उभं होतं, त्यामुळे घागरीत सगळ्यांची तोंडंच आली आहेत.

घागरीच्याच धातूचं जगप्रसिद्ध भावंड अमेरिकेत शिकागोला आहे. मुंबईत 1954 साली जन्मलेल्या अनिश कपूर यांनी तिथल्या मिलेनियम पार्कमध्ये उभं केलेलं ‘क्लाउड गेट’. स्टेनलेस स्टीलच्या 168 पत्र्यांना जोडून, सांधे घासून घासून नाहीसे करून 2006 मध्ये ते पूर्ण झालं. सुमारे 10 मीटर उंच, 20 मीटर लांब. त्यासमोर आलेला पाहुणा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे हात हलवून बघतो. समोर इमारती वाकलेल्या, आभाळ गुंडाळलेलं, माणसांची गर्दी मुंग्यांएवढी. त्यात ‘मी कोणता?’ हे हात हलवल्याशिवाय कळत नाही.

खापरावरचा मांडा

खानदेशात खापर म्हटलं की गावाच्याही आधी आठवतं ते चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर. त्याच्यावर पुरणाचा मांडा भाजतात. हातावर फिरवत फिरवत पातळ, मोठा केलेला मांडा त्या फुगीर पाठीवर टाकला की तो खापराचाच आकार घेतो. सपाट कणकेला गोलाईवर बसवायचं म्हणजे मध्ये तिला सैल सोडायचं आणि कडेला आवरायचं. करणारीच्या बोटांना हे माहीत असतं. संगणकावर माणूस घागरीत बसवणाऱ्यालाही अगदी हेच करावं लागतं.

पहिलं काम म्हणजे माणसाला उलटवणं. प्रतिबिंबात शर्टाचा डाव्या बाजूचा खिसा दुसऱ्या बाजूला जायला हवा, टी-शर्टवरची अक्षरं उलटी वाचली जायला हवीत. घाईत हे राहून जातं, आणि नेमकं तेच आधी शाळकरी पोराच्या लक्षात येतं.

मग वाकवणं. फोटोशॉपमध्ये ‘वार्प’ने माणसावर जाळी पसरते आणि तिचे दोरे ओढून त्याला हवा तसा बाक देता येतो. ‘स्फेराइज’ नावाचं फिल्टर एका झटक्यात फुगवटा देतं, पण घागर काही चेंडू नाही. गळ्याकडे ती आत वळते, बुडाकडे निमुळती होते, आणि बाजारातून आणताना कुठेतरी एखादा पोचाही पडलेला असतो. म्हणून शहाणा माणूस मोजपट्टी घागरीतूनच काढतो. अंगणात मांडवाचा बांबू खरोखर सरळ उभा होता हे त्याला ठाऊक असतं. घागरीत तो जितका वाकलाय, तितकाच शेजारचा भाऊ वाकला पाहिजे. सरळ असायला हव्या होत्या त्या सगळ्या रेषा, म्हणजे खांब, भिंतीची कड, खाटेचा पाय, मुक्याने हिशेब सांगत असतात.

पोच्यांसाठी आणखी एक हत्यार आहे, ‘डिस्प्लेस’. घागरीच्या पृष्ठभागाचा करडा नकाशा करायचा आणि त्यावरून चित्र सरकवायचं. करड्या रंगाच्या 0 ते 255 या पायऱ्यांत 128 म्हणजे जागचं हलायचं नाही. त्याहून गडद जागी चित्र एका बाजूला ढळतं, उजळ जागी दुसऱ्या. नदीच्या लाटा, चुरगळलेला कागद, पोचा आलेलं पितळ यांवर चित्र अंगासरशी बसतं ते या युक्तीने.

आकार जमला तरी माणूस चिकटवल्यासारखा दिसतो, कारण रंग. धातू आपला रंग प्रतिबिंबाला देतो. पितळेच्या घागरीतला पांढरा शर्ट पिवळा दिसतो, तांब्याच्या हंड्यातला लालसर. स्टील उजेड थोडा खाऊन उरलेला परत करतं, म्हणून त्यातला माणूस असतो त्याहून किंचित मळका, राखाडीकडे झुकलेला दिसतो. स्टुडिओतल्या मुलाने पहिल्या खेपेला भावांचे शर्ट मोबाइलमधल्यासारखेच झळझळीत ठेवले होते. बाकीची अकरा माणसं संध्याकाळी उभी आणि हे दोघं जणू ट्यूबलाइटखाली.

फोकसची गोष्ट याहून फसवी. अंगणात लांब उभा असलेला माणूस फोटोत धूसर व्हायला हवा, असं सवयीने वाटतं. पण फुगीर आरशातली प्रतिमा पृष्ठभागाच्या लगेच मागे तयार होते, गोलाईच्या त्रिज्येच्या अर्ध्यापेक्षाही कमी अंतरावर. फूटभर रुंदीच्या घागरीत जवळचा काका आणि लांबचं झाड दोन्ही त्या तीनेक इंचांत बसतात. म्हणजे दोघंही जवळपास सारखेच रेखीव. भावांना मागे उभं केलं म्हणून ब्लर मारला की डाव फसला.

शेवटी दाणे. कॅमेऱ्याच्या फोटोला संध्याकाळच्या उजेडात बारीक रवाळपणा येतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून दाबून गुळगुळीत आणि चौकटीचौकटीचा झालेला असतो. त्याला थोडा ‘नॉइज’ लावला, म्हणजे तसेच दाणे पसरले, की तो त्या अंगणातला वाटू लागतो.

पाण्याचा न्याय वेगळा

नंदुरबारकरांच्या अल्बममध्ये दुसरं प्रतिबिंब असतं ते तोरणमाळच्या यशवंत तलावातलं. पावसाळ्यानंतर तिथे गेलेल्या प्रत्येक गटाचा काठावरचा एक फोटो ठरलेला. त्यात राहिलेल्याला बसवायचं तर नवखा माणूस आकृतीची नक्कल करतो, पालथी घालतो, थोडी फिकी करतो आणि पायाखाली चिकटवतो. बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

खटकतं ते असं. पाण्यातलं प्रतिबिंब ही वरच्या चित्राची पालथी नक्कल नसते. पाण्याच्या पातळीखाली तितक्याच खोलीवर दुसरा कॅमेरा ठेवून वर बघितलं तर जे दिसेल, ते पाणी दाखवतं. म्हणून पाण्यात माणसाच्या हनुवटीची खालची बाजू दिसते, छत्रीची आतली बाजू दिसते, पुलाचं पोट दिसतं. काठापासून मागे सरून उभ्या असलेल्या माणसाचे पाय तर पाण्यात येतच नाहीत, मधला काठ ते खाऊन टाकतो.

शिवाय पाणी उजेडाच्या बाबतीत कंजूष आहे. थेट वाकून खाली बघितलं तर ते पडलेल्या उजेडाचा जेमतेम 2 टक्के भाग परत करतं आणि तळाचे दगड दिसतात. नजर जसजशी तिरपी होत जाते तसा आरसा चढत जातो. एकाच फोटोत पायाजवळचं पाणी हिरवट, पारदर्शी आणि लांबचं पाणी चांदीसारखं असतं ते त्यामुळे. पालथ्या घातलेल्या आकृतीला वरपासून खालपर्यंत एकसारखी फिकी करणारा इथेच पकडला जातो. वाऱ्याची झुळूक असेल तर लाटा प्रतिबिंबाला आडवं कमी आणि उभं जास्त ओढतात. संध्याकाळचा दिवा पाण्यात लांबलचक खांब होऊन उतरतो, तसा माणूसही.

आरशाची चहाडी

प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये (1937, दिग्दर्शक व्ही. शांताराम) तरुण मुलीशी लग्न करून बसलेल्या वयस्क काकासाहेबांना फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत आपलीच अनेक रूपं दिसतात. माणूस जे लपवतो ते आरसा बोलून दाखवतो, ही कल्पना मराठी प्रेक्षकाला तेव्हापासून ओळखीची.

खोटे फोटो ओळखणाऱ्या संशोधकांनी तिचं गणित केलं आहे. जेम्स ओब्रायन आणि हानी फरीद या दोघांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सपाट आरशासमोरच्या वस्तूवरचा एकेक बिंदू आरशातल्या त्याच बिंदूला रेषेने जोडतात. फोटो खरा असेल तर या सगळ्या रेषा लांबवल्यावर एकाच ठिकाणी मिळतात. बाहेरून आणून ठेवलेल्या माणसाची रेषा भलतीकडेच जाते. फरीद यांच्याच आधीच्या एका कामात डोळ्यांतल्या चमकेवरून तपास होतो. बुबुळ हाही एक छोटा फुगीर आरसाच. एका फोटोतल्या दोन माणसांच्या डोळ्यांत दिव्याचा ठिपका वेगवेगळ्या दिशेला असेल, तर ती माणसं एका दिव्याखाली उभी नव्हती.

2023 पासून फोटोशॉपमध्येच वाक्य लिहून माणूस घडवता येऊ लागलाय. खापरच्या स्टुडिओतही मुलाने तो प्रयोग करून बघितला. घागरीत दोन तरुण सुबक उभे राहिले. दोघांपैकी एकाचाही चेहरा या घरातल्या कुणाशी जुळत नव्हता, आणि बांबू वाकलेला असताना हे दोघे ताठ होते. तो प्रयोग पुसला गेला.

दुकानातली घागर

घागरीत माणूस बसवण्याच्या पेचावरची खरी तोड सिनेमावाल्यांना सापडलेली आहे. पॉल डेबेव्हेक यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं की चित्रीकरणाच्या जागी चकचकीत गोळा ठेवून त्याचे फोटो काढले, तर त्या जागेचा सगळा उजेड त्या गोळ्यातून वाचता येतो आणि संगणकात घडवलेल्या वस्तूवर तोच उजेड पाडता येतो. आजही सेटवर असा क्रोमचा गोळा घेऊन फिरणारा सहायक असतो. त्याच्या हातातली ती घागरच.

स्टुडिओवाल्याने डेबेव्हेकचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्याचा विचार साधा होता. वाकवत बसण्यापेक्षा घागरीलाच वाकवू द्यावं. नवरीची घागर सासरी गेली होती, म्हणून त्याने बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून त्याच मापाची घागर तासाभरासाठी मागून आणली. दोन्ही भाऊ फडावरून परतले होते. त्यांना दिवस कलल्यावर बोलावलं, लग्नाच्या फोटोतल्याच वेळेला. फोटोत बांबूची सावली डावीकडे पडली होती, म्हणून सूर्य उजवीकडे ठेवला. कॅमेऱ्यापासून पावलं मोजून दोघांना उभं केलं. घागरीवरचं किमतीचं स्टिकर मात्र निघेना, तेव्हा ती बाजू मागे फिरवली.

फोटो निघाला तो आपोआप उलटा, आपोआप वाकलेला, आपोआप राखाडी. आता फक्त कटिंग, जागेवर ठेवणं आणि शेजारच्या काकाच्या खांद्यामागे थोडं झाकणं एवढंच उरलं. त्याने दोघांना ओळीच्या डाव्या टोकाला, काठाजवळ ठेवलं. तिथे सगळंच चेपलेलं असतं, जोड दिसत नाही.

आई दुसऱ्या दिवशी आली. फोटोवर बोट ठेवून तिने मोजलं. तेरा. मग बोट डाव्या टोकाला थांबलं.

“हा थोरला कडेला का?”

स्टुडिओवाला काठाचं, चेपण्याचं, जोडाचं काहीतरी सांगू लागला.

“थोरला बापाजवळ उभा राहतो,” ती म्हणाली. “धाकटा राहू दे तिकडे.”

बाप ओळीच्या मधोमध होता, कॅमेऱ्याच्या काळ्या आकृतीला लागून. चेहरे स्वच्छ ओळखू येतात तीच जागा, जिथे कात्रीचा केसभर धागाही सुटून चालत नाही. शिवाय काठाजवळ उभा राहून निघालेला थोरला तिथे चालणार नव्हता. मधल्या जागेसाठी त्याला मध्ये उभं करूनच पुन्हा फोटो काढावा लागणार होता. स्टुडिओवाल्याने लॅपटॉप उघडला, थोरल्याचा लेयर बंद केला आणि स्टुडिओतल्या मुलाला भांड्यांच्या दुकानात पाठवलं, घागर विकली गेली नसेल तर आणखी तासाभरासाठी मागून आणायला.